ईआरपीचा डेमो केबिनमध्ये नको, स्टोअरमध्ये द्या

प्रति,
लघु आणि मध्यम उद्योगांना ईआरपी (माल, खरेदी-विक्री आणि हिशेब एकत्र सांभाळणारं) सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या, त्यांचे पार्टनर आणि इम्प्लिमेंटेशनला येणारी सर्व मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपमध्ये स्टोअर आणि डिस्पॅच सांभाळते. ट्रॅक्टर आणि इंजिनाचे भाग आम्ही बनवतो. फाउंड्रीतून कास्टिंग येतात त्यांची हाउसिंग आणि ब्रॅकेट होतात, बार येतो त्याचे शाफ्ट होतात. आधीच्या कारखान्यात एक ईआरपी येऊन गेलं, इथे दुसरं आलंय, आणि आजूबाजूच्या शेडमध्ये कुणाचं काय चाललंय ते टपरीवर कळतच असतं. तेव्हा हे पत्र कुणा एका कंपनीविरुद्ध नाही. नाव घेऊन बोलावं इतकं वेगळेपण मला अजून कुणात दिसलेलं नाही.

तुमचा सेल्सचा माणूस येतो तो सरळ मालकांच्या केबिनमध्ये जातो. लॅपटॉप उघडतो, रंगीत गोल आणि चढते-उतरते खांब दाखवतो. मालक विचारतात, "मला मोबाइलवर दिसेल ना?" तो म्हणतो, "दिसेल सर, घरबसल्या." तिथेच निम्मा सौदा होतो. उरलेला निम्मा अकाउंट्सवाल्यांच्या एका प्रश्नावर होतो, "जीएसटीचं रिटर्न निघेल ना?" तेही निघतं. मग ॲडव्हान्सचा चेक जातो आणि ट्रेनिंगच्या दिवशी पहिल्यांदा मला बोलावणं येतं. मोबाइलवर जे दिसणार आहे त्यातलं बहुतेक सगळं रोज मीच भरणार असते, ही गोष्ट तोवर कुणाच्या ध्यानातही आलेली नसते.

माझं म्हणणं एकच आहे. लहान कारखान्यात ईआरपीची सुरुवात चलनापासून, म्हणजे मालाबरोबर जाणाऱ्या चिठ्ठीपासून, करा. पर्चेस ऑर्डर, इनव्हॉइस, बॅलन्सशीट हे सगळं मागून येऊ दे. आमचा पैसा अडकतो तो गेटच्या बाहेर गेलेल्या मालात, आणि त्या मालाचा एकमेव पुरावा म्हणजे चलन. ते तुमच्या सॉफ्टवेअरला नीट कळत नाही तोवर बाकीचं सगळं शोभेचं.

तुमच्या डेमोमध्ये एक 'एबीसी इंडस्ट्रीज' असते. ती कच्चा माल विकत घेते, आपल्याच छताखाली वस्तू बनवते आणि विकते. अशी कंपनी असेलही कुठे. आमच्या भागात मला दाखवा. आमचा साधा एक शाफ्ट घ्या. बार कापून टर्निंग आमच्याकडे होतं. इंडक्शन हार्डनिंगला तो बाहेर जातो. तिथून ग्राइंडिंगला दुसरीकडे, प्लेटिंग असेल तर तिसरीकडे, आणि मग फायनल तपासणीला आमच्याकडे परत. म्हणजे ज्याला तुम्ही 'प्रॉडक्शन' म्हणता त्यातला बराचसा भाग दुसऱ्यांच्या शेडमध्ये होतो. शिवाय हाउसिंगमधली काही कास्टिंग ग्राहक कंपनीच पाठवते आणि आम्हाला फक्त मशिनिंगची मजुरी मिळते. तो माल आमच्या रॅकवर असतो, पण आमचा नसतो. म्हणजे आमचा माल लोकांकडे आणि लोकांचा माल आमच्याकडे. हे दोन हिशेब रोज संध्याकाळी जुळले पाहिजेत, आमच्यासाठी ईआरपी म्हणजे एवढंच.

आता बारकाईनं सांगते, कारण घोळ बारकाव्यातच आहे.

हार्डनिंगवाला तयार माल बऱ्याचदा परस्पर ग्राइंडिंगवाल्याकडे टाकतो. टेम्पोचं भाडं वाचतं, एक दिवस वाचतो. कायद्याची त्याला हरकत नाही, एका जॉबवर्करकडून (आमच्या मालावर मजुरीनं काम करणाऱ्याकडून) दुसऱ्याकडे माल पाठवण्याची सोय जीएसटीच्या नियमांत आहे. हरकत आहे ती सॉफ्टवेअरची. मी पाहिलेल्या दोन्ही ईआरपीत माल आधी आमच्या गेटवर 'इनवर्ड' झाल्याशिवाय पुढचं चलन निघतच नाही. मग मी काय करते? जो माल आमच्या गेटवर आलाच नाही त्याचा जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करते, आणि त्याच मिनिटाला तो परत बाहेर गेल्याचं चलन काढते. समजा हार्डनिंगला ५०० शाफ्ट गेले आणि ग्राइंडिंगवाला म्हणाला, माझ्याकडे ४९६ च पोचले. चार कुठे गेले? सॉफ्टवेअरला विचारा. ते सांगेल, स्टोअरने ५०० मोजून घेतले आणि ५०० मोजून पाठवले. खाली माझं लॉगिन आणि वेळ. मी तो माल डोळ्यांनीही पाहिलेला नसतो.

यावर तुमच्या सपोर्टचं ठरलेलं उत्तर असतं, "मॅडम, प्रोसेस फॉलो करा, माल आधी तुमच्याकडे आणा." म्हणजे सॉफ्टवेअरला बरं वाटावं म्हणून टेम्पो दोनदा फिरवायचा.

हा केवळ माझ्या डोकेदुखीचा विषय नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा किंवा अर्धवट माल एका वर्षात परत यावा लागतो किंवा तिथूनच विकला जावा लागतो. नाही तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर आणि व्याज लागतं. या मालाची माहिती आयटीसी-०४ फॉर्ममध्ये द्यायची असते, पाच कोटींवर उलाढाल असेल तर सहा महिन्यांनी, त्याखाली असेल तर वर्षातून एकदा. तुमचं सॉफ्टवेअर तो फॉर्म एका बटणावर काढून देतं, हे ब्रोशरवर ठळक छापलेलं असतं. पण तो फॉर्म वर सांगितलेल्या खोट्या इनवर्डवर उभा असेल, तर त्या बटणाचं कौतुक कशासाठी करायचं? आमची जुनी जाड वही निदान खरं बोलत होती. "४ नग कमी, हार्डनिंगवाल्याला फोन केला, सोमवारी बघतो म्हणाला," एवढं त्यात लिहिलेलं असायचं. ईआरपीत 'सोमवारी बघतो'साठी रकाना नाही.

दुसरी गोष्ट नग आणि किलो. आम्ही हार्डनिंगला नग मोजून पाठवतो, कारण शाफ्ट हा नग आहे. प्लेटिंगवाल्याचं बिल किलोवर येतं. फाउंड्रीत तर सगळा व्यवहारच वजनाचा. पॅटर्नप्रमाणे एका कास्टिंगचं ठरलेलं वजन समजा ४.२ किलो आहे आणि प्रत्यक्षात ते ४.३५ भरतंय. फाउंड्रीचं बिल काट्यावर येतं आणि आमचा ग्राहक पैसे देतो ठरलेल्या वजनाचे. हा दीडशे ग्रॅमचा फरक नगामागे नगामागे साचत जातो आणि वर्षाअखेरीस मालक विचारतात, मार्जिन गेलं कुठे. तुमच्याकडे 'अल्टरनेट युनिट' नावाची सोय असते हे मला माहीत आहे. एकदा मास्टरमध्ये, म्हणजे वस्तूंच्या मूळ यादीत, लिहिलं की एक नग म्हणजे ४.२ किलो, की ते सॉफ्टवेअर जन्मभर तसंच धरून बसतं. आम्हाला दर लॉटचं खरं वजन आणि खरे नग दोन्ही शेजारी शेजारी हवे आहेत, आणि फरक वाढला तर कुणीतरी ओरडायला हवं. फाउंड्रीवाल्यांना याच्याही पुढचं लागतं. हीट नंबर (भट्टीच्या कुठल्या ओतीतलं कास्टिंग त्याचा क्रमांक), चार्जमध्ये किती पिग आयर्न आणि किती स्क्रॅप, रनर-रायझर तोडून परत भट्टीत किती गेलं. ते त्यांनीच एखाद्या पत्रात लिहावं, मी त्यात पडत नाही.

आणि रिजेक्शन. तुमच्या स्क्रीनवर 'रिजेक्टेड क्वांटिटी' असा एक चौकोन असतो. आमच्या शॉपमधल्या नव्या पोरालाही माहीत असतं की रिजेक्शन दोन जातीचं. सीआर म्हणजे कास्टिंगचाच दोष, बोअरिंग करताना आत ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, निघालं. एमआर म्हणजे मशिनिंगची चूक, बोअर साइजबाहेर गेला. सीआर फाउंड्रीच्या खात्यावर जातं, एमआर आमच्या. कास्टिंग ग्राहकाचं असेल तर एमआरच्या प्रत्येक नगाचे पैसे तो डेबिट नोट पाठवून आमच्याकडून वसूल करतो. शिवाय ब्लो होल चौथ्या ऑपरेशनला सापडलं तर आधीच्या तीन ऑपरेशनची मजुरी कुणी द्यायची, यावर फाउंड्रीशी दर महिन्याला वाद असतो. कोणत्या ऑपरेशनला, कोणत्या हीट नंबरचा नग, कशामुळे गेला, एवढं जर सॉफ्टवेअर सांगत असेल तर त्याचे पैसे त्या एका वादातच वसूल होतात. ते सोडून आम्हाला रिजेक्शनचा पाय चार्ट मिळतो. तांबडा भाग वाढला एवढं कळतं.

खरं तर तुमच्या धंद्याचा पायाच ट्रॅक्टरच्या कारखान्यात घातला गेलाय. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या जे. आय. केस या ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीत आयबीएमच्या साथीनं एमआरपीची (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंगची) सुरुवातीची पद्धत उभी राहिली. इतके ट्रॅक्टर काढायचे तर कोणता भाग किती लागेल आणि कधी लागेल, याचा तो हिशेब. मग त्याला खाती, विक्री, पगार चिकटत गेले आणि १९९० मध्ये गार्टनर या संशोधन कंपनीने त्या सगळ्या पसाऱ्याला ईआरपी म्हटलं. म्हणजे आधी माल होता, खाती मागून आली. आपल्याकडच्या लहान कारखान्यांत क्रम उलटा झाला. संगणक आला तोच हिशेबाच्या टेबलावर. टॅली १९८६ साली सुरू झालं, गोएंका पितापुत्रांना स्वतःच्या धंद्याचे हिशेब ठेवायला हवं होतं म्हणून. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला. पाठोपाठ ई-वे बिल आलं. ई-इनव्हॉइससाठी उलाढालीची मर्यादा ५०० कोटींपासून उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ ला पाच कोटींवर आली आणि आमच्यासारखी शेड त्यात सापडली. प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर घेतलं गेलं ते सरकारला काहीतरी भरून द्यायचं म्हणून. त्यामुळे तुम्हीही तेच विकायला शिकलात. यात तुमचा एकट्याचा दोष नाही, पण आता सगळे ई-इनव्हॉइस काढायला शिकलेत, पुढे या.

मालक मंडळींना स्टोअरची आठवण करून देण्याचा एक उपाय मात्र सरकारनेच काढलाय. एमएसएमई कायद्याच्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. आणि आयकराच्या नियमाप्रमाणे, मुदतीत दिला नाही आणि वर्षाअखेरीसही बाकी राहिला, तर तो पैसा त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही. हा नियम १ एप्रिल २०२४ पासून, तेव्हाच्या ४३बी(एच) कलमाने, लागू झाला. दिवस मोजायला सुरुवात होते माल स्वीकारल्यापासून. आमचा प्लेटिंगवाला सूक्ष्म उद्योग आहे, ग्राइंडिंगवालाही. म्हणजे मालकांचा आयकर आता माझ्या जीआरएनच्या तारखेला बांधला गेलाय! हे तुम्ही केबिनमध्ये जरूर सांगा, त्या रंगीत गोलांपेक्षा याचा परिणाम जास्त होईल.

लायसन्सच्या दराबद्दलही बोलायला हवं. तुम्ही दर लॉगिनमागे पैसे लावता. लहान कारखानदार साहजिकच चार लॉगिन घेतो आणि 'स्टोअर१' या नावानं तीन माणसं काम करतात. दिवसपाळीला मी, रात्री सुपरवायझर, आणि डिस्पॅचच्या गर्दीत गेटवरचा मुलगाही. आता १ एप्रिल २०२३ पासून प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांना अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारी ऑडिट ट्रेल ठेवावी लागते. कुणी, कधी, काय बदललं याची नोंद. तुम्ही ती ठेवता, आणि नोंद सांगते की सगळं 'स्टोअर१'ने केलं. मग चौकशी माझी. पैसे व्यवहारांच्या संख्येवर घ्या, कारखान्याच्या आकारावर घ्या, पण माणसागणिक लॉगिन द्या. नाही तर त्या ट्रेलचा उपयोग खऱ्या माणसाला लपवायला होतो.

स्क्रीन मराठीत असावी का, हा प्रश्न मला दर ट्रेनिंगला विचारतात. असावी, पण भाषांतर नको. रात्रपाळीचा सुपरवायझर 'चलन', 'नग', 'रिजेक्शन', 'हीट नंबर' हेच शब्द बोलतो, तेच देवनागरीत लिहा. एका ठिकाणी 'साहित्य प्राप्ती टिप्पणी' असं वाचलं आणि शिफ्ट हसत होती.

आता गो-लाइव्हची, म्हणजे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष सुरू करायची, तारीख. तुम्हा सगळ्यांना १ एप्रिल का आवडतो ते समजतं. ओपनिंग बॅलन्स सरळ पडतं, अकाउंट्सला सोपं जातं. पण मार्चचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्याकडे डिस्पॅचचा कहर. ग्राहकाला टार्गेट पुरं करायचं असतं, मालकांना बिलिंग हवं असतं, टेम्पो रात्री दहाला लागलेला असतो. त्यात तुम्ही म्हणता, सगळा स्टॉक मोजून द्या. मग मोजणी टेबलावर बसून होते. मागच्या यादीवरून नवी यादी, थोडं इकडे, थोडं तिकडे. त्याच आकड्यांवर नवं सॉफ्टवेअर सुरू होतं आणि जूनमध्ये सगळे म्हणतात, ईआरपीचा स्टॉक चुकतोय. खंडेनवमीला अख्खा कारखाना मशिन पुसून, रॅक झाडून पूजेला बसतो. दिवाळीत चार दिवस मशिन बंद असतात. मोजणी तेव्हा करा. स्टोअर आणि चलन दिवाळीनंतर सुरू करा, अकाउंट्स खुशाल एप्रिलला जोडा. दोन्ही एकाच दिवशी सुरू झालीच पाहिजेत असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?

मालकांनाही एक चिमटा काढते, म्हणजे पत्र एकतर्फी वाटायला नको. आयटम मास्टर भरायचं काम ट्रेनी पोराला देऊन कुणी मोकळं होऊ नये. आमच्याकडे एकच बेअरिंग '६२०५ झेडझेड', 'बेअरिंग ६२०५झेडझेड' आणि 'बीआरजी ६२०५ २झेड' अशा तीन कोडखाली तीन रॅकवर सापडलं होतं, आणि चौथ्यांदा ऑर्डर गेलेली होती. त्यातून ग्राहकाचा पार्ट नंबर वेगळा, आमचा वेगळा, फाउंड्रीचा पॅटर्न नंबर तिसराच. ड्रॉइंगची रेव्हिजन बदलली की यातला एक बदलतो, दुसरा तसाच राहतो. हे जुळवायला शॉपमधला जुना जाणता माणूस लागतो, आणि नेमका तोच प्रॉडक्शनमधून सोडवत नाही. जिथे मालकांनी त्याला दोन तास का होईना रोज सोडलं, तिथलं ईआरपी चालतंय. हे मी दोन शेडमध्ये डोळ्यांनी पाहिलंय. तुमचं सॉफ्टवेअर तिथेही तेच आहे.

ग्राहक कंपन्यांच्या पोर्टलबद्दल लिहीत नाही, त्यांना वेगळं पत्र लागेल. पण तेच पार्ट नंबर, तीच संख्या, तोच गाडी नंबर आम्ही एकदा तुमच्यात, एकदा त्यांच्या पोर्टलवर एएसएनसाठी (माल निघाल्याच्या आगाऊ सूचनेसाठी) टाइप करतो, आणि बारकोडचं लेबल तिसऱ्याच ठिकाणाहून काढतो. त्यातलं एखादं टायपिंग जरी तुम्ही वाचवलंत तरी रात्री घरी जायला मिळेल.

शेवटी जाण्याबद्दल. आम्ही तुम्हाला सोडलं तर आमचा डेटा कसा मिळणार, हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण लग्नाच्या बैठकीत काडीमोडाचं कुणी काढत नाही. मी विचारते. आधीच्या कारखान्यात वर्गणी थांबली त्या दिवशी स्क्रीन बंद झाली. उघडी राहिलेली चलनं, कुणाकडे किती नग, सगळं आत. अकाउंट्सकडे टॅलीत त्यांचं होतं, त्यांचं अडलं नाही. आम्ही प्रत्येक जॉबवर्करला फोन करून विचारत बसलो की बाबा, आमचा किती माल आहे तुझ्याकडे. त्याला काय, तो सांगेल तो आकडा.

तेव्हा पुढच्या वेळी याल तेव्हा केबिनमध्ये जाण्याआधी स्टोअरमध्ये या. मी तीन चलनं काढून ठेवते. एक शाफ्टचं, जो माल हार्डनिंगहून परस्पर ग्राइंडिंगला गेला आणि चार नग कमी भरले. दुसरं ग्राहकाच्या कास्टिंगचं, ज्यातले काही सीआर, काही एमआर, आणि सीआय बोरिंगचा, म्हणजे बिडाच्या चुऱ्याचा, स्क्रॅप कुणाच्या मालकीचा हे ठरायचंय. तिसरं प्लेटिंगचं, नगात गेलेलं आणि किलोत बिल आलेलं. ही तिन्ही माझ्यासमोर बसून तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये भरून दाखवा, एकही खोटी एन्ट्री न करता. भरली गेली तर मालकांना मी स्वतः बोलावून आणते.

आणि कोटेशनवर दोन ओळी जास्तीच्या लिहून आणा. एक, माणसागणिक लॉगिनचा दर. दुसरी, वर्गणी थांबवली तर उघड्या चलनांसकट सगळा डेटा एक्सेलमध्ये किती दिवसांत मिळेल.

आपली,
शिरोली एमआयडीसीतली एक स्टोअर इनचार्ज